सात नंबरचं घरटं

मी मालेगावचा, असं कुठे सांगितलं की समोरचा माणूस लगेच नाशिककडच्या यंत्रमागांची चौकशी सुरू करतो. त्याला मध्येच थांबवून सांगावं लागतं, की आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं. अकोल्याहून वाशिमकडे निघालात की पातूर, मग मेडशी आणि मग आम्ही. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आमची गणती अकोल्यात होती. सोयाबीन, तूर आणि हरभरा पिकवणारा हा मुलूख. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी चार-साडेचारशे किलोमीटर. अशा गावातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने वयाच्या चौसष्टाव्या वर्षी समुद्रपक्ष्यांच्या भाऊबंदांची घरटी मोजायचं काम अंगावर घेतलं, हे ऐकून लोक हसतात. हसू द्यावं. पण त्या कामात माझ्या हातून जे घडलं ते हसण्यासारखं नाही, आणि तेच आज लिहायचं आहे.

त्याचं असं झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत एक मुलगी घर विचारत आली. विद्यापीठात पक्ष्यांवर संशोधन करणारी, पाठीला बोचकं, हातात वनखात्याच्या परवानगीचा कागद. आमच्या तालुक्यातल्या एका सिंचन तलावात उन्हाळ्यात पाणी उतरलं की मधोमध एक उंचवटा उघडा पडतो. तिथे नदी सुरय नावाचे पक्षी अंडी घालतात. तिला एक मदतनीस हवा होता. अटी तीन : पहाटे उठणारा, अक्षर वाचता येईल असा आणि इथेच राहणारा. गावातल्या कोणा शिक्षकाने माझं नाव सुचवलं होतं.

"काका, पगार नाही," तिने आधीच सांगून टाकलं. "पेट्रोलचे पैसे मिळतील, पण वेळेवर मिळतीलच असं नाही."

सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाली, "घ्या. कादंबरी लिहूनही तेच मिळतं."

मी हो म्हणालो याला आणखी एक कारण होतं. बँकेच्या नोकरीत ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझी बदली वेंगुर्ल्याला झाली होती. विदर्भातल्या माणसाला कोकण म्हणजे परदेशच. तिथे एका रविवारी मासेमारीच्या होडीतून मी वेंगुर्ला रॉक्सकडे गेलो होतो. भर समुद्रात काळ्या खडकांचा पुंजका, त्यावर दीपगृह, आणि डोक्यावर पांढऱ्या पाखरांचा असा कल्लोळ, की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. ते सुरय होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. काँग्रेसचे संस्थापक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८७५ मध्ये त्या बेटांवर गेले होते. त्यांनी ती हकीकत आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात पुढच्या वर्षी छापली. त्यानंतर १९४२ मध्ये हुमायून अब्दुलअली यांनी तिथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. लाळेने घरटी बांधणाऱ्या त्या पाकोळ्यांच्या घरट्यांची परदेशातल्या सूपसाठी चोरी होई. पुढे चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने त्यांच्या रक्षणासाठी काम केलं. मी मात्र त्या रविवारी तिथे काय केलं? तळलेले बांगडे खाल्ले, समुद्राचे फोटो काढले आणि सोमवारी कामावर हजर झालो. डोक्यावर काय उडत होतं ते एका ओळीतही लिहून ठेवलं नाही. ही रुखरुख मनात कुठेतरी होती.

तेव्हा वाशिममध्ये समुद्राचा पक्षी आला कसा, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी त्या मुलीला विचारला. ती म्हणाली, "काका, कुरव आणि सुरय हे एकच मोठं कुटुंब. त्यातले बरेच समुद्रावर राहिले. काही नद्यांनी वर आले आणि इथलेच झाले." मी नकाशा काढून बसलो. आमच्या जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांना जातं. काटेपूर्णा उत्तरेला वाहत पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. दक्षिणेकडचं पाणी पैनगंगेतून वर्धेला आणि पुढे गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला. म्हणजे समुद्रपक्ष्याच्या चुलतभावाला इथे यायला एक सोडून दोन वाटा होत्या. मला आपल्या मुलखाबद्दल एवढंही माहीत नव्हतं.

नदी सुरय दिसायला देखणा. डोक्यावर काळी टोपी, हळदीसारखी पिवळी चोच, तांबडे पाय आणि शेपटीला खोल दुभंग. पाण्यावर तरंगत्या चालीने उडतो, मध्येच थबकतो आणि दगडासारखा खाली पडून मासळी घेऊन वर येतो. घरटं म्हणण्यासारखं काही बांधत नाही. वाळूत किंवा मुरमात छातीने घासून केलेला बशीएवढा खळगा, त्यात दोन-तीन अंडी. रंग असा, की शेजारचा खडा आणि अंडं यात फरक करायला आठ दिवस जावे लागतात. कधीकाळी आपल्या नद्यांवर सर्रास दिसणारा हा पक्षी. २०२० मध्ये जागतिक यादीत त्याला 'असुरक्षित' ठरवण्यात आलं. वाळूउपसा, धरणांचं कमीजास्त होणारं पाणी आणि मोकाट कुत्री. उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्याला यातलं एकेक कारण पुरेसं आहे.

कामाचे नियम कडक होते. बेटावर जायचं ते सकाळी उजाडताच किंवा ऊन कलल्यावर. पंधरा मिनिटांच्या वर थांबायचं नाही. घरट्यापासून हातभर अंतरावर क्रमांक लिहिलेला चपटा दगड ठेवायचा. शिसपेन्सिलने लिहायचं, कारण पेनाची शाई पाण्याने पसरते. बाकीचा सगळा वेळ काठावर कापडाच्या आडोशाला बसून दुर्बिणीतून पाहायचं. बेटावर नेणारा भोई मासेमार होता. त्याचा थर्माकोलचा तराफा माझ्या वजनाने निम्मा पाण्यात जाई. पहिल्या दिवशी मी ऐटीत खाली उतरायला गेलो तर तो ओरडला, "सायेब, पाय कायले टाकता तिथं? खाली पाहा ना!" माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर तीन अंडी होती.

पहिल्या मोजणीत तिची घरटी एकोणीस भरली, माझी एकवीस. बँकेत दिवसाअखेर मेळ बसला नाही की आम्ही आधी फरकाला नवाने भागून पाहत असू. भाग गेला तर कोणीतरी आकडे उलटसुलट लिहिले आहेत असा संशय घ्यायचा. ३६० च्या जागी ६३० लिहिलं की २७० चा घोळ. इथे मात्र दोनाचा फरक नुसत्या माझ्या डोळ्यांचा होता, मी दोन रिकामे खळगे धरले होते. एकोणीस घरटी, एकोणपन्नास अंडी. हा आकडा कीर्दीत चढला.

माझ्यातल्या कादंबरीकाराने मात्र तिला फार त्रास दिला. पहिल्या आठवड्यात मी नोंदवहीत लिहिलं, 'कावळा दिसताच माता व्याकुळ होऊन धावली.' तिने वाचलं आणि म्हणाली, "काका, ती माता आहे की पिता हे आपल्याला कळत नाही. व्याकुळ आहे की नाही तेही नाही. किती वेळा झेपावली तेवढं लिहा." मी लिहिलं : 'सहा वेळा.' आणि खरं सांगतो, नुसता तो आकडाच जास्त हलवून गेला.

एक गोष्ट मला तिथेच कळली. आपण म्हणतो पक्षी अंडी 'उबवतो'. वऱ्हाडातल्या एप्रिलमध्ये त्याचा अर्थ उलटा होतो. अंड्याला सदतीस-अडतीस अंशांची ऊब लागते, आणि भर दुपारी त्या मुरमाला हात लावला तर चटका बसतो. पक्षी तिथे ऊब द्यायला बसत नाही, सावली धरायला बसतो. जोडीतला एक उठतो, पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि परत येऊन ओल्या अंगाने अंड्यांवर बसतो. दुसरा तोवर थांबतो. दिवसभर ही पाळी चालते. साधारण तीन आठवडे. त्यात दहा मिनिटांचा खंड पडला तरी पुरे.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून केलं, म्हणून तर लिहायचं.

२१ एप्रिलचा रविवार. ती मुलगी आठवड्यासाठी विद्यापीठात गेली होती, वही माझ्या ताब्यात होती. पुण्याहून नऊ वर्षांची नात सुटीला आली होती आणि आबा रोज कुठे जातात हे तिला पाहायचं होतं. गावातले एक स्नेहीही चांगला कॅमेरा घेऊन बरोबर आले. सकाळी निघता निघता उशीर झाला. तराफ्यावरून बेटावर उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. "सायेब, ऊन झालं," भोई म्हणाला. "दोन मिनिटांत येतो," मी म्हणालो.

आम्ही तिथे चाळीस मिनिटं होतो. नात हरखून गेली होती आणि तिच्या डोळ्यांत मी मोठा माणूस झालो होतो. सात नंबरच्या घरट्याजवळ बसून मी तिला बँकेच्या तपासनिसाच्या थाटात सगळं समजावून सांगत होतो. स्नेही फोटो काढत होते. डोक्यावर सुरय किंचाळत होते, झेपावत होते, आमच्या टोप्यांना चोच मारत होते. ते सगळे आमच्यावर गुंतले आहेत हे कावळ्याच्या लक्षात आलं. आठ नंबरमधली दोन्ही अंडी त्याने आमच्या देखत नेली. नात रडायला लागली तेव्हा आम्ही निघालो.

त्या रात्री मी वही उघडली. भेटीची वेळ : सकाळी ७. थांबण्याचा काळ : १५ मिनिटं. घरटं ८ : दोन अंडी नष्ट, कारण कावळा. शेवटचा शब्द खरा होता. आधीचे दोन्ही आकडे खोटे होते.

मी लबाड माणूस नाही, असं माझं स्वतःबद्दल मत आहे. आयुष्यात कधी कोणाच्या खात्यातला रुपया इकडचा तिकडे केला नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका शाखेत मेळ बसेना तेव्हा एक वरिष्ठ म्हणाले होते, "टाक उचंत खात्यात आणि घरी जा." ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती तात्पुरती ठेवायची जागा म्हणजे उचंत खातं. मी गेलो नाही. रात्री एक वाजता चूक शोधून काढली आणि मग निघालो. ही गोष्ट मी पुढे कनिष्ठांना किती वेळा ऐकवली असेल! आणि इथे, जिथे पैशाचा संबंध नव्हता, नोकरी जायची भीती नव्हती, तिथे विसाव्या वर्षी जे केलं नाही ते चौसष्टाव्या वर्षी करून बसलो. कारण एवढंच, की त्या मुलीने मला वेडगळ म्हातारा म्हणू नये.

मेचा पहिला आठवडा आला. इतर घरट्यांतून ठिपकेदार पिल्लं बाहेर पडली. चाहूल लागली की ती मातीला चिकटून बसत, समोर असून दिसत नसत. सात नंबर मात्र तसंच. तीन अंडी, आणि जोडी आळीपाळीने बसलेली. पोट भिजवून येणं, सावली धरणं, सगळं सुरू. दिवस भरून आठवडा उलटला तरी ती दोघं उठेनात. शेवटी त्यांनी घरटं सोडल्यावर त्या मुलीने एक अंडं उघडून पाहिलं. आतला गर्भ वाढत वाढत एका दिवशी थांबला होता. वाढीवरून तिने मागे दिवस मोजले आणि वही चाळली.

"काका, हे एकवीस-बावीस एप्रिलच्या आसपास मेलेत. पण त्या दिवशी तर आपली भेट सकाळीच झाली होती." ती विचारात पडली. "म्हणजे पक्षी बसलेला असतानाही उन्हाने गर्भ मरू शकतो. हे मोठं आहे, काका. हे लिहायला हवं."

माझ्या घशाला कोरड पडली. माझ्या दोन खोट्या आकड्यांतून एक खोटा निष्कर्ष जन्माला येत होता. उद्या तो छापला गेला असता, परवा कोणीतरी त्याचा आधार घेतला असता. ह्यूमनंतर सदुसष्ट वर्षांनी दुसऱ्या माणसाने त्याच बेटांबद्दल लिहिलं, म्हणून दोन काळ एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात. पण दोघांपैकी एकानेही माझ्यासारखी वही लिहिली असती तर?

मी तिला सगळं सांगितलं. तलावाच्या काठावर, बाभळीखाली, भोई ऐकत असताना. ती काही बोलली नाही. बोचकं उचलून निघून गेली, दोन दिवस घरीही आली नाही. सौभाग्यवती म्हणाली, "माफी मागून काय होणार? वही दुरुस्त करा."

तिसऱ्या दिवशी ती आली. मी खोडरबर घेऊनच बसलो होतो. तिने तो माझ्या हातून काढून घेतला. "खोडायचं नाही, काका. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, तो वाचता आला पाहिजे. वर खरा आकडा. शेजारी सही आणि आजची तारीख."

वाचकहो, हा नियम मी पस्तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवला होता. व्हाउचरवर खाडाखोड नाही, एक रेघ आणि सही. मी रेघ मारली. ११.१० लिहिलं, ४० मिनिटं लिहिलं. कारणाच्या रकान्यात सात आणि आठ नंबरसमोर 'निरीक्षकाचा अडथळा' असं लिहून सही केली. बँकेत हजारो सह्या केल्या, हात कधी इतका जड झाला नव्हता.

ती मला काढून टाकेल असं वाटलं होतं. तिने दुसऱ्या दिवशीची पाळी दिली. "आता तुम्ही पंधराची सोळा मिनिटं करणार नाही," एवढंच म्हणाली.

पुढची परीक्षा पाण्याची होती. तलाव उतरू लागला. त्यात चूक कोणाची नाही. उन्हाळी भुईमुगाला पाणी हवं, गावांना प्यायला हवं. उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर लोक वैरण आणि टरबुजं लावतात, तेही पोटासाठीच. पण बेट काठाला जोडलं गेलं आणि एका रात्री कुत्री आत शिरली. चार अंडी गेली, पिल्लं किती गेली ते नीट कळलंही नाही. आपण फक्त पाहायचं, हात घालायचा नाही, असा अभ्यासाचा शिरस्ता. ती आपल्या मार्गदर्शकांशी फोनवर बराच वेळ बोलली. चंबळ नदीवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या परवीन शेख यांनी पाणचिऱ्यांच्या घरट्यांवर काठच्या गावकऱ्यांनाच राखणीला बसवलं आहे, ते उदाहरण तिच्यासमोर होतं. शेवटी ठरलं : अडवायचं, आणि अडवल्याची तारीख वहीत लिहायची.

भोई आणि गाळपेर करणारी दोन पोरं यांनी जमिनीच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या. मी विचारलं, "भाऊ, तुमचं काय जातं यात? हे पक्षी तुमचीच मासळी खातात." तो म्हणाला, "खाऊ द्या ना. त्यायले का आपल्यावानी बजार हाय?" मग हसून म्हणाला, "टिटवीनं समुद्र आटवला म्हन्तात, सायेब. आपल्याले तं नुसतं कुत्रं आडवाचं हाय." पंचतंत्रातली ती गोष्ट तुम्हाला आठवत असेल. समुद्राने टिटवीची अंडी नेली, तेव्हा सगळे पक्षी गरुडाकडे गेले, गरुड विष्णूकडे, आणि समुद्राला अंडी परत करावी लागली. माझ्या हिशेबात मी कोणत्या बाजूला होतो ते त्याने बोलून दाखवलं नाही.

हंगाम संपताना मेळ असा बसला. एकोणपन्नास अंडी. त्यातून एकतीस पिल्लं. अठरा अंडी गेली : कावळ्यांनी सहा, कुत्र्यांनी चार, अज्ञात तीन आणि निरीक्षकाच्या अडथळ्यामुळे पाच. कावळ्याने नेलेली आठ नंबरची दोन अंडी तिने कावळ्याच्या नावावर न टाकता माझ्याच नावावर ठेवली. बरोबर केलं. एकतिसांपैकी आमच्या डोळ्यांदेखत उडालेली पिल्लं चौदा. जूनच्या पावसात बेट पाण्याखाली गेलं आणि सुरय कुठेतरी नदीकाठी पांगले.

त्या तलावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. छापलं की पुढच्या रविवारी डबे आणि कॅमेरे घेऊन माणसं जातील, आणि ती माणसं वाईट नसतील, माझ्यासारखीच असतील. तुमच्या गावाजवळ उन्हाळ्यात कुठे वाळूत अंडी दिसली आणि डोक्यावर पक्षी ओरडू लागले, तर एवढंच करा : ज्या पावलांनी आलात त्याच पावलांनी, खाली पाहत, मागे फिरा.

दिवाळीत नात पुन्हा आली. वही तिने स्वतःच काढली, सात नंबरचं पान उघडलं. रेघ मारलेला आकडा आणि वरची माझी सही बराच वेळ पाहत राहिली.

"आबा, हे आपल्यामुळे?"

"हो."

"मग माझी पण सही हवी ना?"

मी म्हटलं, नको, वही माझ्या ताब्यात होती. तिला ते पटलं नाही. तिने पेन्सिल घेतली आणि माझ्या सहीखाली, शाळेत घालतात तसं पूर्ण नाव घातलं. त्या मुलीने नंतर ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं.